नदीचं मूळ, स्लँगचं कूळ

‘द होल नाइन यार्ड्‌स’ हा शब्दप्रयोग कुठून आला, असं अमेरिकेत विचारलं तर बहुतेकांकडे उत्तर तयार असतं. अर्थाबद्दल वाद नाही: सगळंच्या सगळं, अथपासून इतिपर्यंत. वाद आहे तो नऊ वार कशाचे याबद्दल. हवाई दलातला माणूस सांगतो की दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाच्या मशिनगनला काडतुसांचा सत्तावीस फुटी, म्हणजे नऊ वारांचा पट्टा असायचा. तो संपेस्तोवर गोळ्या झाडल्या की ‘नाइन यार्ड्‌स’. बांधकामवाल्याच्या मते काँक्रीटच्या ट्रकमध्ये नऊ घनयार्ड माल मावतो, तेच हे यार्ड. शिंपी उंची सुटाच्या कापडाचा हवाला देतो, स्कॉटिश वंशाचा माणूस किल्टच्या कापडाचा. जहाजांचा शौकीन तीन डोलकाठ्यांवरच्या प्रत्येकी तीन आडव्या काठ्या मोजून दाखवतो. नऊवारीच्या मुलखातल्या माणसालाही एखादं उत्तर सुचेलच.

ही सगळी उत्तरं २०१२-१३च्या सुमारास एकदम निकालात निघाली. बॉनी टेलर-ब्लेक ही संशोधिका आणि येल विद्यापीठातले ग्रंथपाल फ्रेड शापिरो यांच्यासारखे काही चिकट लोक जुनी वृत्तपत्रं चाळत मागे मागे जात होते. केंटकीतल्या एका छोट्या गावच्या १९१२ सालच्या वर्तमानपत्रात त्यांना हाच प्रयोग सापडला, पण नऊ वारांऐवजी सहा वारांचा. पुढे इंडियाना राज्यातल्या मिचेल गावच्या पत्रात १९०७ सालची नोंद मिळाली. गावचा बेसबॉल संघ स्थानिक व्यापाऱ्यांशी खेळणार आहे, व्यापाऱ्यांना झेपेल तितका वेळ सामना चालेल, पण पूर्ण नऊ वारांची हमी नाही, असं ते बातमीवजा टिपण होतं. १९०७ साली ना लढाऊ विमानं होती, ना काँक्रीट कालवत फिरणारे ट्रक. आणि सहाचे नऊ होऊ शकतात, म्हणजे तो आकडा कशाचंच माप नव्हता. आपण ‘सतराशे साठ भानगडी’ म्हणतो तेव्हा कुणी भानगडी मोजायला बसत नाही, तसंच हे.

अशा शेकडो शब्दांची छाननी गेल्या शंभर वर्षांत झाली आहे. तिचा एकत्रित आढावा घेतला की एक गोष्ट वारंवार दिसते: उगमाची कथा जितकी देखणी, तितकी ती शब्दाच्या मानाने तरुण निघते. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. खऱ्या पुराव्यापर्यंत पोचल्यावर तिथे जो भेटतो तो शब्द पहिल्यांदा लिहून ठेवणारा असतो. बनवणारा बहुधा त्याच्या आधीच नाव न सांगता निघून गेलेला असतो.

शब्द गोळा करणारे

अमेरिकी बोलण्याची पहिली भरघोस नोंदवही प्रॉव्हिडन्सच्या जॉन रसेल बार्टलेटने १८४८ साली छापली. १८८९ साली अमेरिकन डायलेक्ट सोसायटी स्थापन झाली. बाल्टिमोरचा पत्रकार एच. एल. मेन्केन याने १९१९ साली ‘द अमेरिकन लँग्वेज’ काढून अमेरिकी इंग्रजी ही ब्रिटिश इंग्रजीची बिघडलेली आवृत्ती नाही, हे ठणकावून सांगितलं. १९२५ पासून ‘अमेरिकन स्पीच’ हे नियतकालिक सुरू झालं आणि व्युत्पत्तीच्या भांडणांना हक्काचा आखाडा मिळाला.

सगळ्यात मोठं पायपीट करून झालेलं काम म्हणजे फ्रेडरिक कॅसिडी यांचा प्रादेशिक इंग्रजीचा कोश. १९६५ ते १९७० या काळात त्यांचे कार्यकर्ते ‘वर्ड वॅगन’ नावाच्या गाड्या घेऊन देशभर हिंडले. एक हजार दोन गावांत आणि शहरांत, सोळाशेहून जास्त प्रश्नांची यादी घेऊन, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलतं केलं. पाचवा खंड २०१२ साली झेडपर्यंत पोचला. तो पाहायला कॅसिडी राहिले नव्हते, पण त्यांच्या थडग्यावर ‘ऑन टू झेड’ अशी अक्षरं कोरली आहेत. निव्वळ स्लँगचा ऐतिहासिक कोश जोनाथन लायटर यांनी हाती घेतला. १९९४ आणि १९९७ साली दोन खंड आले, मजल ए पासून ओ पर्यंत गेली, मग प्रकाशकाने हात आखडता घेतला आणि पी पासूनचे शब्द अधांतरी राहिले. ती पोकळी बरीचशी भरून काढली लंडनच्या जोनाथन ग्रीन यांनी. त्यांचा तीन खंडांचा कोश २०१० साली आला आणि २०१६ पासून तो संगणकावरही पाहता येतो.

खरी उलथापालथ झाली ती जुनी वृत्तपत्रं स्कॅन होऊन शोधण्याजोगी झाली तेव्हा. लायब्ररी ऑफ काँग्रेसने आणि खासगी कंपन्यांनी कोट्यवधी पानं उघडी केली. पूर्वी एका शब्दामागे आयुष्य घालवावं लागे, तिथे आता हौशी माणूसही रात्रीच्या जेवणानंतर आधीच्याहून पाच-दहा वर्षं जुनी नोंद शोधून काढतो. या धांडोळ्यातून पारखण्याचे काही साधे नियम पक्के झाले. शब्द ज्या माणसाच्या किंवा घटनेच्या नावावर खपवला जातो, त्याआधीच तो छापलेला सापडतो का? गोष्ट घडली म्हणतात त्या काळात तिचा कुठे उल्लेख आहे, की ती पन्नास वर्षांनी उगवली? आणि शब्द म्हणजे एखाद्या वाक्याची आद्याक्षरं आहेत असा दावा असेल, तर सावध राहायचं, कारण आद्याक्षरांचा शब्द बनवून तो सर्रास बोलण्याची चाल विसाव्या शतकातली आहे.

संगणकातल्या ‘बग’ची गोष्ट या चाळणीतून घातली तर काय उरतं ते पाहण्यासारखं आहे. १९४७ सालच्या सप्टेंबरमध्ये हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात एक पतंग अडकला, तो चिकटपट्टीने नोंदवहीत डकवला गेला आणि संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी ती कथा जन्मभर सांगितली. कथा खरी आहे, पतंग खरा आहे. पण नोंदवहीतच लिहिलंय की ‘बग प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिली वेळ’. शब्द आधीपासून रुळलेला होता म्हणून तर तो विनोद झाला. थॉमस एडिसनने १८७८ सालच्या पत्रात यंत्रातल्या अडचणींना ‘बग’च म्हटलेलं आहे.

ओकेची कुळकथा

नियमाला अपवाद ठरणारा आणि तरीही वादातून न सुटलेला शब्द म्हणजे ‘ओके’. यावर जितका घाम गाळला गेला तितका दुसऱ्या कुठल्याही शब्दावर गेला नसेल. ज्याने तो गाळला त्या ॲलन वॉकर रीड यांची ओळख आधी करून द्यायला हवी. तरुणपणी त्यांनी अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या सार्वजनिक शौचालयांच्या भिंतींवरचा मजकूर उतरवून घेतला आणि १९३५ साली पॅरिसमध्ये स्वखर्चाने त्याच्या पंचाहत्तर प्रती छापल्या. शिष्ट लोकांनी ज्याकडे पाहायचं टाळलं ते वाचायची तयारी असलेला हा माणूस होता.

रीड यांच्या आधी ‘ओके’ला डझनभर बाप होते. कुणी तो चोक्टॉ या मूळनिवासी जमातीच्या ‘ओके’पासून आलाय म्हणे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांना ते पटलेलं होतं, म्हणून ते स्पेलिंगही तसंच करत. कुणी ग्रीक ‘ओला काला’ सांगे, कुणी स्कॉटिश ‘ऑख आय’. कुणी हैतीतल्या ओ-काय बंदरातल्या चांगल्या रमचा दाखला देई, कुणी मालावर सही करणाऱ्या ओबाडाया केली नावाच्या रेल्वे कारकुनाचा.

रीड यांनी १९६३-६४ साली ‘अमेरिकन स्पीच’मध्ये लेखमाला लिहून पुरावे मांडले. १८३८ च्या उन्हाळ्यापासून बॉस्टनच्या वर्तमानपत्री मंडळींना आद्याक्षरांचं खूळ लागलं होतं. नुसती आद्याक्षरं पुरेनात, म्हणून मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची आद्याक्षरं सुरू झाली. ‘ऑल राइट’चं ‘ओ. डब्ल्यू.’ झालं, कारण ते म्हणे ‘ऑल व्राइट’. त्याच माळेत २३ मार्च १८३९ रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’च्या एका खोडसाळ टिपणात ‘ओ. के.’ अवतरलं आणि शेजारीच अर्थ दिलेला होता: ऑल करेक्ट. ते टिपण ‘अँटी-बेल-रिंगिंग सोसायटी’ नावाच्या टवाळ मंडळाबद्दल होतं. म्हणजे जगातला बहुधा सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द एका अशुद्धलेखनाच्या विनोदातून जन्मला, आणि तो विनोदही फारसा चांगला नव्हता.

असे विनोद मोसमात मरतात. ओकेला राजकारणाने जगवलं. १८४० च्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून समर्थकांनी ‘ओल्ड किंडरहूक’चे ओ. के. क्लब काढले. विरोधकांनी लगेच पिल्लू सोडलं की व्हॅन ब्युरेन यांचे गुरू अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे आणि कागदांवर ‘ऑल करेक्ट’च्या जागी तेच ‘ओ. के.’ लिहीत. व्हॅन ब्युरेन पडले, पण दोन्ही बाजूंनी महिनोन्‌महिने घासून घासून शब्द घरोघर पोचला. पुढे तारयंत्रावर काम करणाऱ्यांना ‘संदेश मिळाला’ यासाठी आटोपशीर खूण हवीच होती. गंमत म्हणजे जॅक्सनच्या बदनामीसाठी रचलेली थाप नंतर कित्येक पुस्तकांत उगमाची खरी हकीकत म्हणून छापली गेली. आपल्याकडेही या शब्दाचा ताजा भाव राजकारणानेच वाढवला. जून २०२२ मध्ये गुवाहाटीहून फोनवर बोलताना सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी झाडी, डोंगार, हाटील ‘ओकेमध्ये’ असल्याचं सांगितलं आणि महाराष्ट्राला पुढचे कित्येक महिने दुसरा शब्द सुचेना.

इथे प्रकरण बंद व्हायला हवं होतं. पण डेव्हिड डॅल्बी या ब्रिटिश भाषाभ्यासकाने १९७० च्या आसपास एक टोकदार प्रश्न विचारला. पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ आणि मांडे भाषांत होकारासाठी ‘वाव-के’, ‘ओ-के’ यांसारखे उच्चार आहेत. दक्षिणेतले अनेक गुलाम तिथूनच आणलेले. १७८४ सालच्या एका इंग्रजी प्रवासवर्णनात एका गुलामाच्या तोंडी ‘के, मासा’ असं वाक्य आहेही. मग बॉस्टनच्या संपादकाने कानावर असलेल्याच उच्चाराला अक्षरं जोडली नसतील कशावरून? रीड यांच्या बाजूच्या लोकांचं उत्तर असं की साखळीतल्या मधल्या कड्या दाखवा. १७८४ ते १८३९ या पंचावन्न वर्षांत त्या दिशेचा पुरावा मिळत नाही, बॉस्टनच्या खुळाचा मात्र दिवसागणिक मिळतो. तोलून पाहिलं तर पारडं रीड यांच्याकडेच झुकतं. तरीही डॅल्बी यांच्या प्रश्नातला दंश राहतो: जे लिहू शकत नव्हते, किंबहुना ज्यांना लिहायला शिकवणं दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुन्हा होता, त्यांच्याकडे लेखी पुरावा मागायचा कसा?

मोतद्दारांचं सफरचंद

न्यूयॉर्कला ‘बिग ॲपल’ का म्हणतात, या प्रश्नाने या विद्येला तिची सगळ्यात समाधानकारक गोष्ट दिली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एव्ह नावाची फ्रेंच बाई तिथे कुंटणखाना चालवायची आणि तिच्या मुलींना ‘एव्हची सफरचंदं’ म्हणत, ही कथा अजून फिरते. ती विसाव्या शतकाच्या अखेरीस थट्टेखातर रचलेली आहे.

खरा माग काढला तो बॅरी पॉपिक आणि जेराल्ड कोहेन या जोडीने. कोहेन मिझुरीतले प्राध्यापक. पॉपिक न्यूयॉर्कमध्ये पार्किंगच्या दंडाविरुद्धची अपिलं ऐकणारे न्यायाधीश, आणि उरलेला वेळ मायक्रोफिल्मसमोर. १९२० च्या दशकात ‘मॉर्निंग टेलिग्राफ’ या पत्रात जॉन फिट्झ जेराल्ड नावाचा बातमीदार घोड्यांच्या शर्यतींवर लिहीत असे. १९२१ पासून त्याच्या मजकुरात ‘बिग ॲपल’ दिसतं, १९२४ पासून तर त्याच्या सदराच्या डोक्यावरच. हा शब्द आपण कुठे उचलला तेही त्याने पुढे लिहून ठेवलं. न्यू ऑर्लिन्सच्या फेअर ग्राउंड्‌स रेसकोर्सवर दोन काळे मोतद्दार शेजारशेजारच्या तबेल्यांतले घोडे फिरवत होते. एकाने विचारलं, इथून पुढे कुठे? दुसरा म्हणाला, थेट बिग ॲपलला. त्यावर पहिल्याने सुनावलं की मग आधी या हडकुळ्या घोड्यांना चार घास घाला, नाहीतर सफरचंदाचा नुसता गाभा तुमच्या वाट्याला येईल.

त्या काळी दक्षिणेतल्या धुळकट मैदानांवर घोडे पळवणाऱ्यांना न्यूयॉर्कची मैदानं म्हणजे मोठं बक्षीस, मोठा पैसा. घोड्याला सफरचंद प्यारं, आणि मोतद्दारालाही ते हातातलं बक्षीस म्हणून ठाऊक. १९३० च्या दशकात जॅझ वाजवणाऱ्यांनी शब्द उचलला, मग तो मागे पडला, आणि १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या पर्यटन विभागाने लाल सफरचंदाचे बिल्ले वाटून त्याला पुन्हा उभं केलं. १९९७ साली महापौर रूडी जुलियानी यांनी ब्रॉडवे आणि पश्चिम चोपन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्याला ‘बिग ॲपल कॉर्नर’ नाव दिलं, कारण फिट्झ जेराल्ड तिथे राहायचा. मोतद्दारांच्या नावाची पाटी लागली नाही, कारण त्यांची नावं त्याने विचारलीच नव्हती. तरी फिट्झ जेराल्डचा प्रामाणिकपणा मानला पाहिजे. ऐकलेला शब्द आपल्या नावावर खपवणं त्याला सहज जमलं असतं, आणि त्याच्या धंद्यातले बहुतेक जण तेच करत.

‘जॅझ’ची कहाणी उलटी आहे. सगळ्यांना खात्री असते की हा न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्त्यांतला शब्द. पुरावा मात्र कॅलिफोर्नियात आणि बेसबॉलच्या मैदानावर निघाला. १९१२ च्या एप्रिलमध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने बेन हेंडरसन नावाच्या गोलंदाजाच्या ‘जॅझ’ चेंडूबद्दल लिहिलं. १९१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बुलेटिन’मध्ये ‘स्कूप’ ग्लीसन या क्रीडा बातमीदाराने सील्स संघाच्या सराव शिबिरातून हा शब्द जोश, रग, दम या अर्थाने पानोपानी वापरला. संगीताला तो चिकटला शिकागोत १९१५ साली आणि न्यू ऑर्लिन्सच्या वृत्तपत्रात आला त्यानंतर. जोश या अर्थाचा ‘जॅझम’ हा जुना शब्द १८६० पासून छापील मिळतो, तोच याचा पूर्वज असावा असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. संगीत काळ्यांचं, नाव बेसबॉलचं. न्यू ऑर्लिन्सच्या अनेक जुन्या वादकांना ते नाव कधीच आवडलं नाही, ते आपल्या वाजवण्याला रॅगटाइमच म्हणत राहिले.

नामवंतांच्या नावावर

शब्द कुणा ठसठशीत माणसाच्या नावावर लावून द्यायची हौस सार्वत्रिक आहे, आणि कधीकधी ती रास्तही ठरते. वेश्येला ‘हूकर’ म्हणतात ते यादवी युद्धातल्या जनरल जोसेफ हूकरच्या छावणीतल्या बायकांवरून, असं सर्रास सांगितलं जातं. हूकर सेनापती झाला १८६३ साली, शब्द मात्र १८४५ च्या एका पत्रात आहे. बार्टलेटने १८५९ च्या आवृत्तीत तो न्यूयॉर्कच्या कोर्लियर्स हूक या खलाशांच्या वस्तीशी जोडला होता. अस्सल मालाला ‘द रिअल मॅकॉय’ म्हणतात, त्यासाठी मुष्टियोद्धा किड मॅकॉय आणि वंगणयंत्राचे कल्पक संशोधक इलायजा मॅकॉय हे दोघे दावेदार. इलायजा गुलामगिरीतून पळालेल्या जोडप्याचा मुलगा, त्यामुळे त्याची बाजू लोकांना मनापासून आवडते. पण स्कॉटलंडमध्ये ‘रिअल मॅके’ १८५६ पासून छापलेलं आहे, त्याच्या पहिल्या पेटंटच्या सोळा वर्षं आधी. ‘हॉट डॉग’ हे नाव टी. ए. डॉर्गन या व्यंगचित्रकाराला ‘डॅक्सहुंड’चं स्पेलिंग न आल्यामुळे १९०१ साली न्यूयॉर्कच्या मैदानावर सुचलं म्हणतात. त्या वर्षी डॉर्गन सॅन फ्रान्सिस्कोत नोकरी करत होता, आणि येलच्या विद्यार्थ्यांच्या मासिकात हा शब्द १८९५ सालीच चघळला जात होता. सॉसेजमध्ये कुत्र्याचं मांस असतं, हा त्यामागचा कॉलेजातला चावट संशय.

याउलट ‘मॅव्हरिक’ खराच एका माणसाचा. सॅम्युअल मॅव्हरिक हा टेक्सासमधला वकील आणि जमीनदार. कर्जापोटी मिळालेल्या चारएकशे गुरांना डाग द्यायची तसदी त्याने घेतली नाही. पुढे डाग नसलेलं भटकं वासरू म्हणजे मॅव्हरिक, आणि मग कळप सोडून चालणारा माणूसही. त्याचाच नातू मॉरी मॅव्हरिक १९४४ साली सरकारी खात्यातल्या अगम्य भाषेला वैतागला, आणि टर्कीच्या गुलगुल आवाजावरून त्याने ‘गॉबलडीगूक’ शब्द काढला. थापेबाजीला ‘बंकम’ म्हणतात तेही प्रमाणित आहे. १८२० साली मिझुरीच्या प्रश्नावर सभागृह मतदानासाठी ताटकळलेलं असताना फेलिक्स वॉकर हे प्रतिनिधी आपल्या बंकम जिल्ह्यासाठी बोलल्यावाचून खाली बसायला तयार नव्हते.

आणि नावगावासकट जन्मदाखला असलेला शब्द हवा असेल तर ‘स्कॉफलॉ’. दारूबंदीच्या काळात मॅसॅच्युसेट्‌समधल्या डेल्सिव्हेअर किंग या बंदीसमर्थकाने बेकायदा दारू पिणाऱ्यांना लाज वाटेल असा शब्द सुचवणाऱ्याला दोनशे डॉलरचं बक्षीस लावलं. पंचवीस हजारांवर सूचना आल्या, जानेवारी १९२४ मध्ये निकाल लागला, एकच शब्द सुचवणाऱ्या दोघांत बक्षीस वाटलं गेलं. पिणाऱ्यांना लाज वाटली नाही. काही दिवसांतच पॅरिसमधल्या एका बारने त्याच नावाचं कॉकटेल बाजारात आणलं.

बाहेरून आलेला माल

स्थलांतरितांनी आणि परदेशी मोहिमांवरच्या शिपायांनी आणलेल्या शब्दांचे वाद त्या मानाने कमी, कारण मूळ भाषा समोर हजर असते. न्यूयॉर्कच्या डच वसाहतीने ‘बॉस’ आणि ‘कुकी’ दिले. मेक्सिकन गुराख्यांच्या ‘वाकेरो’चा ‘बकरू’ झाला, न्यायालयाच्या ‘हुस्गादो’चा तुरुंगवाचक ‘हूसगाऊ’. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंच्या यिडिशने ‘श्लेप’, ‘क्लट्झ’, ‘हुत्स्पा’ दिले, आणि ‘फॅन्सी-श्मॅन्सी’ असं हिणवण्याचं साधनही. फिलिपिन्समध्ये लढलेल्या शिपायांनी तागालोग ‘बुंदोक’ म्हणजे डोंगर या शब्दाचं ‘बूनडॉक्स’ केलं, आडगाव या अर्थी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान आणि कोरियातून परतलेल्यांनी गटप्रमुख या अर्थाचा ‘हानचो’ आणला आणि त्याचा साहेबी थाटाचा ‘हाँचो’ झाला.

या यादीत आपलाही एक शब्द आहे. हिंदी-मराठीतला ‘ठग’ कंपनी सरकारच्या स्लीमन यांच्या ठगांविरुद्धच्या मोहिमेमुळे इंग्रजीत गेला आणि मेडोज टेलरच्या १८३९ सालच्या कादंबरीने गाजला, म्हणजे बॉस्टनमध्ये ‘ओके’ छापलं गेलं त्याच वर्षी. अमेरिकेत तो साध्या गुंडासाठी रुळला, मग काळ्या तरुणांवर फेकायची शिवी बनला, आणि रॅपर टुपाक शकूरने ‘थग लाइफ’ पोटावर गोंदवून घेऊन ती शिवी बिरुदासारखी मिरवली. त्याने त्या अक्षरांचं एक दीर्घ वाक्यही केलं, की द्वेष तुम्ही लहान पोरांना पाजता आणि तो सगळ्यांना भोवतो. आद्याक्षरांची ही व्युत्पत्ती मागाहून रचलेली आहे, पण ती रचणाऱ्याने उघडपणे रचली, कुणाला फसवलं नाही. आज मराठी मुलं मोबाइलवर ‘थग लाइफ’चे तुकडे पाहतात तेव्हा आजोळचाच शब्द इंग्रजी ‘थ’ घेऊन घरी आलेला असतो.

न छापलेल्यांचं काय?

सगळ्यात मोठा आणि सगळ्यात अपुरा राहिलेला हिशेब काळ्या अमेरिकनांच्या भाषेचा आहे. ‘कूल’, ‘हिप’, ‘डिग’, ‘जाइव्ह’ असे विसाव्या शतकातले बहुतेक ऐटबाज शब्द त्यांच्याकडून आले, हे कुणी नाकारत नाही. वाद आहे तो त्यापलीकडे, आफ्रिकेपर्यंत धागा नेता येतो का, याचा. लोरेन्झो डाउ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने १९४९ साली दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या गला बोलीतले हजारो आफ्रिकी शब्द आणि नावं नोंदवून दाखवली. तोवर विद्वान तिला मोडकं इंग्रजी समजत. शेंगदाण्याचं ‘गूबर’ हे नाव किकोंगो भाषेतल्या ‘न्गुबा’वरून आलं, यावर आता शंका नाही. ‘जूक’ हा ज्यूकबॉक्समधला शब्दही गला बोलीतूनच आला.

टर्नर यांच्या यशाने डॅल्बी यांच्यासारख्यांना बळ मिळालं आणि ‘हिप’ हा वोलोफ ‘हिपी’वरून, म्हणजे डोळे उघडलेला, असं सांगितलं जाऊ लागलं. कोशकार जेसी शाइडलोअर यांनी २००४ साली त्याचा समाचार घेतला. ‘हिप’ आणि त्याचं जुळं ‘हेप’ विसाव्या शतकाच्या आरंभी छापात दिसतात, गुलामांची आयात मात्र १८०८ सालीच कायद्याने बंद झाली. शंभर वर्षं शब्द कुठे दडून बसला? ही उलटतपासणी रास्त आहे. पण टर्नर गावोगाव फिरले नसते तर गला बोलीतले कितीतरी शब्दही ‘मूळ अज्ञात’च्या पेटीत पडले असते. ‘वोक’चं उदाहरण ताजं आहे. लेडबेली या लोकगायकाने १९३८ सालच्या ध्वनिमुद्रणाच्या शेवटी काळ्या श्रोत्यांना अलाबामात जपून राहा, ‘वोक’ राहा असं बजावलं होतं. १९६२ साली कादंबरीकार विल्यम मेल्विन केली यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिलं की काळ्यांचे शब्द गोऱ्यांच्या हाती लागेपर्यंत काळे पुढे निघून गेलेले असतात. उरलेल्या अमेरिकेने तो शब्द उचलायला आणखी अर्धं शतक लागलं, आणि उचलल्याबरोबर त्याची शिवी केली. २०२२ साली हेन्री लुई गेट्‌स यांच्या संपादकत्वाखाली काळ्यांच्या इंग्रजीचा स्वतंत्र ऑक्सफर्ड कोश जाहीर झाला, तो या थकबाकीवरचा पहिला मोठा हप्ता म्हणता येईल.

आज हिशेब असा आहे. ‘ओके’, ‘बिग ॲपल’, ‘जॅझ’, ‘हॉट डॉग’, ‘नाइन यार्ड्‌स’ यांचे पहिले छापील पत्ते पक्के झाले आहेत, आणि उद्या एखादी जुनी नोंद निघाली तर त्यांची वर्षं थोडी मागे सरकतील, चित्र फारसं बदलणार नाही. ‘होबो’सारखे शब्द शेकडो पानं उलटूनही अनाथच आहेत, आणि कोशात ‘मूळ अज्ञात’ लिहिणं हे त्यांच्याबाबतीत प्रामाणिक काम आहे. वृत्तपत्रांच्या स्कॅन केलेल्या पानांनी थापा उघड्या पाडल्या, ही त्यांची मोठी कमाई. पण ती पानं बॉस्टनच्या संपादकांची, क्रीडा बातमीदारांची, येलच्या पोरांची आहेत, म्हणून जन्मदाखल्यांवर पुन्हा पुन्हा त्यांचीच नावं येतात. छापखाना ज्याच्या हाती, शब्द त्याच्या खात्यात, हा या विद्येतला अंगभूत कल आहे, आणि पुढचं काम तो दुरुस्त करण्याचं आहे. न्यायालयातल्या साक्षी, मुक्त झालेल्या गुलामांच्या मुलाखती, जुन्या ध्वनिमुद्रिका, काळ्यांची स्थानिक वृत्तपत्रं हे कागद अजून नीट चाळले गेलेले नाहीत. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपण म्हणतो. स्लँगचं जरूर विचारावं, फक्त उत्तरात ज्याचं नाव येईल तो बाप आहे की नोंदणी कारकून, हे आधी तपासून घ्यावं.